जन्मभराची खुर्ची

न्यायाधीश एमेट लँगडेल मिसिसिपीतल्या आमच्याच गावचे. मी त्यांच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात स्टेनो होते. काळ्या लोकांचीही मतदार म्हणून नोंदणी करा, असा हुकूम त्यांनी दिला आणि गोरं गाव त्यांच्यावर उलटलं. न्हाव्याने दाढी करायला नकार दिला, तर साहेबांनी दाढीच राखली.

एक दिवस त्यांचे जुने मित्र, वकील हॉइट, तावातावाने आले.

"एमेट, हुकूम मागे घे! वॉशिंग्टनला खेटे घालून तुला या खुर्चीत आम्ही बसवलं."

"बसवलंत खरं. पण फेडरल कोर्टाची खुर्ची जन्मभराची असते. आता उठवून दाखव."

हॉइट दार आपटून गेले. त्याच आठवड्यात हुकूम टाळायला नोंदणी कचेरीलाच कुलूप लागलं. साहेबांनी नोंदणी अधिकाऱ्याला टेबलासकट कोर्टात बोलावलं. "नोंदणी इथे होईल, माझ्या डोळ्यांदेखत."

पहिल्या आल्या ओझेला बॅटल, काळ्या मुलांच्या शाळेतल्या म्हाताऱ्या बाई. अधिकारी मान वर करेना. बाहेर जमाव शिव्या देत होता. साहेबांनी मला खिडक्या उघडायला लावल्या.

"बाई, नाव जरा मोठ्यानं सांगा. बाहेरच्यांनाही ऐकू जाऊ दे."

बाईंनी ते असं ठणकावून सांगितलं, की टिपून घेताना मला हसू आवरेना.