एकाग्रबाबांचं वांगं

बरखेड्यातल्या कारखान्याच्या नव्या क्वार्टरांपुढच्या मैदानात त्या गुरुवारी मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. एकाग्रबाबा मुलांच्या कानांतून किडे काढत होते. राज्य नवं, कारखाना नवा, नळसुद्धा नवे. बाबा तेवढे जुन्या पद्धतीचे. पितळेची नळी कानाला लावायची, मंत्र पुटपुटायचा, नळी ताटलीत झटकायची, की जिवंत किडा वळवळत बाहेर. यंत्रातला केसाएवढा दोष पकडणारे इंजिनिअरही हात जोडून बसले होते.

रांगेत शशिकलाबाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं. नऊ वर्षांची कांचन म्हणजे भिंगरी. एका जेवणात दोनदा उठायची, गणित अर्ध्यावर टाकून खिडकीतल्या सरड्याच्या मागे लागायची. शाळेतल्या मनोरमाबाई वैतागून म्हणाल्या होत्या, "हिच्या डोक्यात किडा वळवळतो हो." बाई बोलल्या आणि विसरल्या. शशिकलाबाईंनी मात्र तो किडा फारच मनावर घेतला. बाबांची जटा आणि तिच्याखालचा काळा चष्मा पाहून कांचनचे अप्पा, विश्वासराव, "काय ध्यान आहे" एवढंच म्हणाले आणि कामावर निघून गेले.

कांचनची पाळी आली. बाबा समोर तेवणाऱ्या दिव्याकडे बोट करून गरजले, "सब ज्योत को देखो. जिसकी नज़र हटी, कीड़ा उसके कान में."

साऱ्या मैदानाने ज्योतीवर डोळे रोखले. कुणाची पापणी हलेना.

"और बेटी, तुम ध्यान रखो. सिर्फ़ ध्यान, और कुछ नहीं."

कांचनने मान डोलावली. मंत्र झाला, नळी झटकली आणि ताटलीत किडा पडला. लोकांनी जयजयकार केला. पण बाबांनी नाडी धरून तोंड वाकडं केलं. "ये तो सिपाही था. रानी अंदर बैठी है. माथे पर गरम सलाई लगेगी."

चेल्याने निखाऱ्यात सळई खुपसली. पोरीच्या कपाळावर जन्मभराचा डाग पडणार होता. पण शाळेतून रोज तक्रार येते, मग करायचं काय? शशिकलाबाईंनी डोळे मिटून कांचनचं डोकं धरलं.

"आई," कांचन म्हणाली, "यांच्या मांडीखाली वांगं आहे."

"देखा? रानी बोल रही है," बाबा म्हणाले. लोकांनी माना हलवल्या.

"तू ज्योतीकडे का नाही बघितलंस?" शशिकलाबाई कुजबुजल्या.

"ते म्हणाले, सिर्फ ध्यान. मघाशी अप्पा म्हणाले ना, ध्यान कोण ते. मग मी यांच्याकडेच बघत होते. यांनी वांग्यातून किडा काढून नळीत घातला."

शशिकलाबाईंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच ताटलीत नीट पाहिलं. गुलाबीसर अंग, तपकिरी डोकं. ही अळी त्यांच्या विळीवर दर आठवड्याला निघायची. त्यांनी कांचनच्या डोक्यावरचा हात काढला.

"उठा," त्या बाबांना म्हणाल्या.

"माताजी, साधना भंग होगी."

"होऊ दे. उठा."

बाबा उठेनात. कांचनने आसन ओढलं तसं अर्धं चिरलेलं किडकं वांगं घरंगळत पुढे आलं. ज्योतीकडे बघून बघून डोळ्यांना पाणी आलेल्या मनोरमाबाई गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी नळी उचलली. कानाला लावायचं तोंड आतून मेणाने बंद होतं. अळी गेली दुसऱ्या तोंडातून आणि आली तिथूनच. बाबांचं पितळ असं अक्षरशः उघडं पडलं. लोक नळी पाहीपर्यंत बाबा मिसरोदच्या रस्त्याला लागले होते.

"चूक माझ्या जिभेची," मनोरमाबाई शशिकलाबाईंना म्हणाल्या. "किडाबिडा काही नसतो. आपला मेंदू एक गोष्ट धरतो, बाकीच्या मागे सारतो. काही मुलांच्या मेंदूला हे सारणं जड जातं. रेडिओवर तीन स्टेशनं एकदम लागावीत तसं. तिला लक्ष नाही असं नाही, ते तिच्या हुकमात नाही. यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. उद्यापासून ती पहिल्या बाकावर बसेल. धडा थोडा थोडा देईन, मधे फळा पुसायला उठवीन. आणि आपण चांगल्या डॉक्टरांना विचारू."

शशिकलाबाईंनी कांचनच्या कोऱ्या कपाळावरून हात फिरवला आणि त्यांना रडू कोसळलं. कांचन तोवर सळई विझवायला पाणी आणायला पळाली होती.

तेव्हा मंडळी, कुणी दिव्याकडे बघा म्हणालं, तर आधी त्याच्या हाताकडे बघा. किडा वांग्यात असतो, मुलांच्या डोक्यात नसतो. आणि वांगं आपण चिरून पाहिल्याशिवाय फोडणीला टाकत नाही. बाबाचं बोलणंही तसंच चिरून पाहावं, मग पोरीचं डोकं त्याच्या हाती द्यायची वेळच येत नाही.