दिखाऊ कठडा

नाटकाला आठ दिवस उरले होते आणि मिस्त्रींचा सेट पहिल्यांदाच वेळेआधी उभा राहिला होता. मंडळात सगळ्यांना त्याचं नवल वाटलं. मिस्त्रींना वाटलं नाही. बायको गेल्यापासून घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते सकाळी उठले की हॉलवर यायचे आणि ठोकत बसायचे. संध्याकाळी तालमीला माणसं जमायला लागली की हत्यारं आवरून निघून जायचे.

सेट म्हणजे एक दुमजली घर. वर सज्जा, जमिनीपासून साडेसात फूट. सज्ज्याला नक्षीचा कठडा, लांबून पाहणाऱ्याला शिसवी वाटावा असा रंगवलेला. आत मात्र नुसत्या पट्ट्या, त्यावर पातळ प्लाय, आणि खाली धरून ठेवायला बारीक खिळे. त्यावर मांजर बसलं असतं तरी मिस्त्रींनी हाकललं असतं. मास्तरांनी दिलेल्या कागदावर फक्त ‘कठडा’ एवढंच लिहिलं होतं. नाटक बसवणारे हे मास्तर शाळेतही फळ्यावर कमीच लिहीत.

आज दुपारी दिवे लावायचे होते आणि नट पहिल्यांदाच सेटवर चढणार होते. मिस्त्रींच्या बोटात लाकडाची फास गेली होती. सुई मागायला ते मागच्या खोलीत गेले. कपडे सांभाळणाऱ्या काकू एका बाहीला कोपरावर ठिगळ लावत बसल्या होत्या.

“तुमच्या लेकीची करामत,” काकू म्हणाल्या. “तिसरं ठिगळ हे. कापडाच्या दुकानात लग्न लावून द्या तिचं.”

“कोपरं कशानं झिजतात?”

“अहो, कशानं म्हणजे? दुसऱ्या अंकात नवरा घर सोडून जातो ना. तेव्हा ती सज्ज्यातून वाकते त्याच्यामागे. निम्मी बाहेर. पायसुद्धा उचलते. तालमीत ते जुनं लोखंडी टेबल ठेवलंय, त्यावर असं अंग झोकते की पाहणाऱ्यानं धरायला धावावं. तुम्ही बघितलं नाही?”

मिस्त्रींनी बघितलं नव्हतं. आजवर कधीच बघावं लागलं नव्हतं. त्यांची बायको रोज तालमीला जाऊन बसायची आणि रात्री ताट वाढताना सांगायची, “तो जाड्या खुर्चीवर आदळतो हं. दार दोनदा आपटतात. ती नवी पोरगी खांबाला मिठी मारते.” तिला सुतारकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मिस्त्री ते ऐकून कुठे पट्टी वाढवायची, कुठे बोल्ट घालायचा ते ठरवायचे. यंदा ताट त्यांचं तेच वाढून घेत होते.

सुईचं विसरून ते धावले.

हॉलमध्ये अंधार होता. एकच दिवा, तो सज्ज्यावर. त्या उजेडात त्यांची मुलगी उभी होती आणि तिचा एक हात कठड्यावर होता.

“वाकायच्या जागेपर्यंत म्हण,” खालून मास्तर म्हणाले. “तोंडावर उजेड येतो का बघू.”

मिस्त्रींनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली की ही पोर आधी वाकून बघते. लहानपणापासून खिडकीतून तेच करत आली होती. आता हाक मारली तर आपणच तिला ढकलल्यासारखं होईल.

ते सेटच्या मागे गेले. शिडी सरळ उभी होती. पलीकडून मुलीचा आवाज येत होता.

“जायचंच असेल तर जा.”

पहिली पायरी. हीच का वाकायची जागा? हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. चहा देणाऱ्यालासुद्धा. फक्त कठडा करणाऱ्याला नव्हती.

“मी अडवणार नाही.”

हातांना घाम सुटून शिडी निसटत होती. तिसरी पायरी, चौथी.

“जेवण झाकून ठेवलंय, तेही राहू दे.”

मिस्त्री वर पोचले. दोन हातांच्या अंतरावर लेकीची पाठ.

“अरे, छत्री तरी घेऊन जा,” ती म्हणाली आणि वाकली.

लाकूड कडकडलं. मिस्त्रींनी मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि दोघंही मागे आपटले. कठड्याचं एक टोक सुटलं, क्षणभर लोंबलं आणि अख्खा कठडा खाली आदळला.

मग अंधारातून दिवेवाला म्हणाला, “मी कशाला हात लावलेला नाही.”

“बाबा, सोडा. श्वास घेता येत नाहीये मला.”

मिस्त्रींना ऐकू येत होतं, पण हात सुटत नव्हते.

“मिस्त्री, काय झालं हे?” मास्तरांचा आवाज चिरकला होता.

“कठडा दिखाऊ होता. ती वाकते हे मला माहीत नव्हतं.”

“मी सांगायला हवं होतं. पण दरवर्षी वहिनीच...” मास्तर तिथेच थांबले.

मिस्त्रींनी वरूनच विचारलं, “आणखी कोण कुठे टेकतं?”

खाली कुजबुज झाली. नवऱ्याचं काम करणारा पोस्टमन पुढे आला. “मी त्या खिडकीच्या चौकटीवर बसतो. म्हणजे, तशी उडीच मारून बसतो.”

ती चौकट पुठ्ठ्याची होती.

“सेटवर कोणी चढायचं नाही,” ते म्हणाले. “तालीम जमिनीवर घ्या, पहिल्यापासून. मी बघतो.”

“आधी खाली उतरा तर,” मुलगी म्हणाली.

तेच जमेना. आयुष्य शिड्यांवर गेलेला माणूस, पण पाय पायरीवर ठरत नव्हता. मुलगी आधी उतरली आणि खालून त्यांचं एकेक पाऊल हातानं धरून पायरीवर टेकवू लागली.

“आता डावा. हं. अजून एक. अजून एक, बाबा.”

जमीन आली तरी मिस्त्रींनी शिडी सोडली नाही. त्यांचा पाय पुढची पायरी शोधत राहिला.