श्वास घेणारा तारा आणि डल्सीचा स्कोन

"तुझ्या सासूने या खेपेला रक्तदाबाच्या गोळ्या नेल्याच नाहीत गं," औषधांच्या दुकानातली रोझलिन म्हणाली होती. माझ्या तान्ह्या क्लेमला पहिला दात येत होता. मी त्याच्या तोंडात बोट घालून हिरडी चाचपत होते. "विसरली असेल," म्हणाले आणि निघाले. पोर झोपेत श्वास घेतंय ना, हे रात्रीतून दहादा उठून बघणारी मी.

माझी सासू डल्सी विसरली नव्हती. तिला तारा मिळाला होता.

तारे विकायचा लेनर्ड स्प्राग. गावाबाहेर कॅरॅव्हॅन लावून बसला होता. रेडिओवरच्या डॉ. मार्गो पेंगेली आकाशावर बोलायला येणार म्हणून सगळं कुरिंडा गाव हॉलकडे लोटलं, तेव्हा यानेही दारातच टेबल मांडलं. पाण्याच्या ग्लासात त्याने एक काळा दगड सोडला. बुडबुडे उठले. गर्दी पुढे सरकली.

"बघा, श्वास घेतोय. कोट्यवधी मैल न थकता आलाय हा, तुमच्या नसांतून फिरायला त्याला कितीसे कष्ट? रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी प्या. रक्तदाब उतरतो, गुडघे वळतात, नवरा ऐकायला लागतो."

"शेवटचं खरं असेल तर दोन दे," मागून एक बाई म्हणाली.

डल्सीने पिशवीतून तसाच दगड काढून मला अभिमानाने दाखवला.

"तू हे पाणी पितेस?"

"महिना झाला."

"आणि गोळ्या?"

"गोळी पोटात जाऊन काय करते, दिसतं का कुणाला? हा काम करताना दिसतो."

तिचा चेहरा सकाळपासून लालबुंद होता. मी समजत होते, ऊन लागलं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"आधी त्या ताऱ्यांवाल्या बाईंना विचारते. त्या नाही म्हणाल्या तर येते. हो म्हणाल्या तर तू मला परत कधी टोकायचं नाहीस, पोरी."

तासभर मार्गोबाई शनीच्या कड्यांवर अशा बोलल्या की क्लेमसुद्धा रडायचा विसरला. मी मात्र डल्सीचे कान किती लाल झालेत तेच बघत होते. प्रश्न विचारायची वेळ आली आणि ती दगड घेऊन उठली. स्प्राग दारातून म्हणाला, "आता शास्त्रालाही हात जोडावे लागतील."

बाईंनी दगड ग्लासात टाकला. बुडबुडे. हॉलभर सुस्कारा. मग त्यांनी बाजूच्या टेबलावर बायकांनी आणून मांडलेल्या खाण्यातला एक स्कोन, छोटा गोलसर पाव, उचलला आणि दुसऱ्या ग्लासात सोडला. त्यातूनही बुडबुडे.

"हा कुठल्या ताऱ्यावरचा?"

"तो माझा आहे," डल्सी फणकारली. "सकाळी भाजलाय."

"माफ करा. पण दोन्हींनाही बारीक भोकं आहेत. भोकांत पाणी शिरलं की आतली हवा बाहेर येते. आकाशातून पडलेल्या दगडात अशी भोकं सहसा नसतात. तांबं वितळवताना जो मळ निघतो तो थिजला की त्यात असतात. इथे कधी भट्टी होती का?"

फुटबॉलच्या मैदानामागच्या काळ्या टेकाडावरून पुठ्ठ्यावर बसून घसरला नाही असा एकही माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. ते टेकाड आमच्याच आजोबांनी भट्टीचा मळ ओतून केलेलं.

"म्हणजे लेनर्ड," शेवटी एक जण म्हणाला, "आमचाच उकिरडा आम्हाला विकलास होय?"

डल्सी दगडाकडे बघत राहिली. "हा तर आर्थरच्या बुटांना चिकटून रोज घरी यायचा." आर्थर म्हणजे माझे सासरे, जन्मभर भट्टीवर राबलेले. "आयुष्यभर झाडून बाहेर टाकला. आता पैसे मोजून आत आणला, आणि वर प्यायले."

आधी ती हसली, मग हॉल. दाराकडे वळून बघतो तर स्प्राग पसार. जाताना स्कोनची एक थाळीही घेऊन गेला होता.

मार्गोबाई हसल्या नाहीत. "ते पाणी ओतून द्या. त्यात धातू उतरलेले असतील, डॉक्टरांना तेही सांगा. आणि सगळ्यांनीच, कुणी चमत्कार दाखवला की तोच प्रयोग घरातल्या साध्या वस्तूवर करून बघा. आकाशाला तुमच्याकडून अंधश्रद्धा नकोय, नीट बघणं पुरतं."

दवाखान्यात दंडाला पट्टा बांधेपर्यंत नर्स गप्पा मारत होती. आकडा दिसला तशी ती डॉक्टरांना बोलवायला धावली. डल्सीला ठेवून घेतलं. वेळेत आणलंत, एवढंच डॉक्टर म्हणाले. आता ती रोज माझ्यासमोर गोळी गिळते आणि विचारते, "दिसला का श्वास?"

तुमच्याही घरात, नाहीतर कुंपणापलीकडे, असं एखादं म्हातारं माणूस असेल, विचारलं की "मी बरी आहे" म्हणणारं. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा. चहा मागा. बोलता बोलता गोळ्यांची पट्टी बघा, भरलेली आहे की रिकामी. आणि खिडकीतल्या ग्लासात काही बुडवून ठेवलंय का, तेही बघून या.