चिकटवलेलं पान

“पालथी घाल तिला, कडूबा! पालथी!” घाटाच्या पायऱ्या उतरता उतरताच तातेराव गुरुजी ओरडले.

कडूबानं शिवकन्येला केव्हाच पालथी घातली होती. गोदावरीच्या डोहातून तिला ओढून काढताना त्याचाच दम उखडला होता, आणि डांबरानं काळी झालेली बंडी अंगाला चिकटली होती. तरी तो तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला, दोन्ही तळहात तिच्या पाठीवर ठेवले आणि शिकवल्याप्रमाणे मोजू लागला. दाब, सोड, कोपरं उचल. दाब, सोड, कोपरं उचल. तोंडातून पाणी आलं, शेवाळाचा गोळा आला. श्वास काही आला नाही.

धुणं तिथंच टाकून शिवकन्येची आई दुर्गाबाई पायरीवर डोकं आपटून घेत होती. दुपारची वेळ, घाटावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. तिची किंकाळी ऐकली ती पुलाजवळ सडकेचे खड्डे बुजवणाऱ्या कडूबानं आणि शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी.

“गुरुजी,” कडूबा म्हणाला, “फुंकावं लागंल.”

“काय?”

“बेचाळिसावं पान.”

गुरुजींचा चेहरा उतरला.

शहागडला सडकेवर ट्रक उलटायचे आणि माणसं बघ्यांच्या गराड्यात रक्त जाऊन मरायची, म्हणून गुरुजींनी अडुसष्ट साली ‘तत्पर प्रथमोपचार पथक’ काढलं. बुडालेल्याला कुंभाराच्या चाकावर गरगरा फिरवू नका, जखमेत चुना भरू नका, हे सांगत ते सायकलवर गावोगाव हिंडले. शिवकन्येच्या वडिलांनी, काकासाहेब पाटलांनी, औषधांची पत्र्याची पेटी दिली. पेटीवर गुरुजींनी स्वतःच्या हातानं लाल अक्षरं काढली, ‘पडेल तो आपला’. गुरुजी माणूस चांगला. पण चांगल्या माणसांत एक भित्री जात असते, तिच्यातला. पथकाच्या पुस्तकात बेचाळीस-त्रेचाळीस पानांवर तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची रीत होती, चित्रासकट. पथकात पाटलांची पोरं, आणि बौद्धवाड्यातला कडूबाही. कोणी कोणाच्या तोंडाला तोंड लावायचं? सरावाच्या पहिल्या दिवशीच पथक मोडलं असतं. म्हणून गुरुजींनी ती दोन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली आणि पाठ दाबण्याची रीत तेवढी शिकवली.

कडूबानं ते पुस्तक एकदा वाचायला म्हणून घरी नेलं, चहाच्या आधणावर धरलं आणि पानं सोडवली. चौथी शिकलेला माणूस, ओळीवर बोट ठेवून ठेवून त्यानं सगळं पाठ केलं. बायकोवर, गिरिजाबाईवर, सराव करायला गेला तेव्हा तिनं उलथनं उगारलं. मग पानं पुन्हा खळीनं चिकटवून त्यानं पुस्तक मुकाट्यानं परत दिलं होतं.

“तुमी फुंका, गुरुजी. तुमचं चालतंय,” तो आता म्हणाला.

गुरुजींनी शिवकन्येकडं पाहिलं, आणि मग वर पायऱ्यांकडं, कोणी येतंय का ते. तेवढ्या वेळात पोरीचे ओठ जांभळे पडले.

“काय करायचं ते कर रे बाबा, पन जल्दी कर!” दुर्गाबाई कडूबावर ओरडली.

कडूबानं पोरीला उताणी केली, मान मागं टाकली, नाक चिमटीत धरलं आणि फुंकलं. आठव्या की नवव्या फुंकेला पोरगी खोकली, ओकली आणि आईला हाका मारू लागली. कडूबा बाजूला सरकून मांडी घालून बसला आणि लहान पोरासारखा रडला.

लेकीला पदरात गुंडाळल्यावर दुर्गाबाई त्याच्याजवळ आली. “तू माझा भाऊ रे, कडूबा. पन भाऊ, हे तोंडाचं कुनाला कळू देऊ नको. चैतात लगीन हाय तिचं, वाटूरला दिली. पाठ दाबली, एवढंच सांग.”

“न्हाई सांगत, आक्का. शब्द हाय माजा.”

गुरुजींनीही मान हलवली. त्यांना तर ते हवंच होतं.

गावात कडूबाचं कौतुक झालं. पुढं सडकेवर शिवकन्या दिसली की इकडंतिकडं बघून हळूच म्हणायची, “बरं हाय ना, मामा?” आईचा भाऊ तो मामाच. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, हे कडूबाच्या मनात येऊन जायचं, आणि मग तो स्वतःलाच हसायचा.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात पथकाचा मेळावा भरला. जिल्ह्याहून एक डॉक्टरसाहेब आले होते, अध्यक्षाच्या खुर्चीत काकासाहेब होते. गोदाकाठच्या गावांतून तीस-चाळीस नवे स्वयंसेवक वह्या घेऊन बसले होते. गुरुजींनी पथकाचा सात वर्षांचा इतिहास सांगितला, मग एकाला पालथं झोपवून पाठ दाबून दाखवली.

“याच रीतीनं आपल्या शिवकन्येचा जीव वाचला,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

पुढच्या रांगेतला एक भोई उठला. “आन गुरुजी, दाबूनबी श्वास न्हाई आला तर?”

“येतोच,” गुरुजी म्हणाले.

भोयानं खाली बसून वहीत लिहिलं, येतोच. पेटी मांडीवर घेऊन कडूबा त्याच्या मागंच बसला होता. त्याला ते अक्षर बघवेना. हा भोई रोज पाण्यातला माणूस. उद्या याच्यासमोर कोणीतरी बुडालेलं आणून टाकतील, हा बिचारा मोजत बसेल आणि ते माणूस मरेल. दिलेला शब्द कडूबाला आठवत होता. आठवत असूनही तो उभा राहिला.

“न्हाई येत,” तो म्हणाला. “शिवकन्याताईला न्हाई आल्ता. तोंडानं फुंकलं, तवा आला. बेचाळिसाव्या पानावर हाय ते.”

“शाब्बास!” डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठलेच. “हीच खरी रीत!” त्यांनी टाळ्या वाजवल्या. मैदानात तेवढ्या एकट्याच्याच टाळ्या वाजल्या. बायकांच्या घोळक्यात दुर्गाबाईनं पदर तोंडात धरला होता.

“खरं बोलायला जागा बी बरी सापडली तुमाला,” गिरिजाबाई घरी म्हणाली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

कडूबाला कोणी मारलं नाही. फक्त त्याच्या दंडावरची पथकाची पट्टी काढून घेतली. वाटूरचं स्थळ पंधरा दिवसांत मोडलं. पत्रिका नव्यानं पाहिली तर जुळत नाही म्हणे. काकासाहेबांच्या घरात शिवकन्येचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला, आणि पाणी तिला वरून ओंजळीत ओतू लागले. कडूबाच्या आजानं जे भोगलं, ते आता पाटलाची पोर बापाच्या घरात भोगत होती. हे आपल्या एका वाक्यानं झालं, या विचारानं कडूबाला घास उतरत नव्हता. सडकेवर ती पुन्हा कधी दिसली नाही.

चैत्रात, लग्न ठरलं होतं त्याच आठवड्यात, भर दुपारी घाटावर ओरडा झाला. पाय घसरला म्हणे. कडूबा घमेलं टाकून धावला. भोयांनी शिवकन्येला काढून पायरीवर ठेवलं होतं, आणि या खेपेला निम्मं गाव जमलं होतं. तो गर्दीत घुसला, खाली बसला, तिच्या जबड्याखाली बोटं टेकवली. बारीक, पण नाडी लागत होती.

“हाय! जित्ती हाय!”

त्यानं तिची मान मागं टाकली, तेवढ्यात काकासाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे.”

“मालक, नाडी चालू हाय तिची...”

“राहू दे म्हन्लं ना. एक डाव फुंकलं, तेवढं बस झालं.”

“फुंकू द्या हो त्याला!” दुर्गाबाई किंचाळली. “माझा भाऊ हाय तो!” बायकांनी तिला मागं ओढलं. चौघांनी कडूबाच्या काखेत हात घालून त्याला वरच्या पायरीवर नेलं.

“गुरुजी!” तो तिथून ओरडला. “तुमी फुंका! तुमाला कोन काय म्हननार? बेचाळिसावं पान, गुरुजी!”

गुरुजी पेटी घेऊन आले होते. त्यांनी काकासाहेबांकडं पाहिलं. मग शिवकन्येला पालथी घातली, तिच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि मोठ्यानं मोजू लागले. दाब, सोड, कोपरं उचल. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण रीत चुकत नव्हती. दाब, सोड, कोपरं उचल. नदीचं पाणी आलं, बाकी काही आलं नाही. गावाचं समाधान होईपर्यंत त्यांनी मोजलं आणि मग थांबले.

“तोंड बांधायला काही द्या,” एक म्हातारी म्हणाली.

पेटी उघडली. आत त्रिकोणी पट्ट्या होत्या, जानेवारीत कडूबानंच धुऊन घड्या घातलेल्या. तेव्हापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. दुर्गाबाईनं एक घेतली, लेकीच्या हनुवटीखालून डोक्यावर नेली आणि गाठ मारली. गाठ सरकली आणि जबडा पुन्हा उघडला. तिनं पुन्हा बांधली, पुन्हा तेच.

चौघांनी कडूबाला अजून सोडलं नव्हतं. तो तिथूनच म्हणाला, “तशी सुटंल, आक्का. उजवं डाव्यावर घ्या. आता डावं उजव्यावर. हां. ओढा आता.”

दुर्गाबाईनं त्याच्याकडं न बघता दोन्ही टोकं ओढली. गाठ बसली.