घडीला वळण

माझ्या घडीच्या डायलवर मराठी आकडे आहेत. विहारातल्या प्रौढ वर्गात आकडे शिकलो तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. त्याच वर्षी धान चांगलं झालं आणि मी ही घडी घेतली. मनगटी घड्याळाला आमच्याकडे घडीच म्हणतात. तिला सेल लागत नाही. रोज सकाळी तोंड धुतलं की चावी द्यायची आणि दर रविवारी रेडिओवर बातम्या लागल्या की काटे जुळवायचे. इतकी वर्षं आमचं दोघांचं असंच चाललं होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी माझा मुलगा प्रफुल ऊर्जानगरहून आला. तो तिथं वीज केंद्रात कामाला आहे. चहा पिता पिता त्यानं माझं मनगट धरलं आणि शेजारी आपला मोबाईल लावला. बातम्या लागायच्या होत्या, म्हणून मी अजून काटे जुळवले नव्हते.

"बाबा, तुमची घडी दोन मिनिटं पुढं आहे."

"आठवड्याचे दोन मिनिटं. त्यात का झालं?"

"का झालं म्हणता? माह्या मोबाईलमंधी सेकंदाचा फरक पडत नाई. ब्रह्मपुरीले देऊन सेलची मशीन टाकून घेऊ."

"अन् हे डायल?"

"तेही बदलते. सेलच्या मशीनले जुनं डायल बसत नाई."

मी हात मागं घेतला. इंग्रजी आकडे मला आता वाचता येतात. पण ते वाचावे लागतात; हे नुसते दिसतात.

"माही घडी बिघडली नाई," मी म्हणालो.

"मंग दाखवा. पुढच्या रविवारी बरोबर निघाली तर मी तिले हात लावणार नाई. नाई निघाली तर चाला ब्रह्मपुरीले."

माझी बायको बायनाबाई तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "कबूल करा. नाई तर दिवसभर दोघंही माहं डोस्कं खाऊन राह्यान."

मी कबूल केलं. मोबाईल पाहून प्रफुलनं स्वतः काटे जुळवले. बरोबर म्हणजे किती बरोबर, हे मात्र कोणीच ठरवलं नाही.

तो गेल्यावर मी विचार केला. गोऱ्ह्याला नांगराचं वळण लावायचं असेल तर त्याला मुरलेल्या बैलासोबत जुंपतात. चार दिवसांत तो चाल धरतो. आमच्या घरात वेळेचा पक्का कोण? रेडिओ. तो कधी एक मिनिट मागं नाही, पुढं नाही. मी रोज संध्याकाळी घडी काढून रेडिओच्या जाळीला टेकवून ठेवायला लागलो. रात्रभर दोघं शेजारी. आणि सकाळी बातम्या लागल्या तरी काट्यांना हात लावायचा नाही, असंही ठरवलं. शिकणाऱ्याला मधात टोकू नये.

"हे का करून राह्यले?" बायनाबाईनं विचारलं.

"संगत देऊन राह्यलो."

"तुमाले पन्नास वर्सं माही संगत हाय. का शिकले?"

पहिल्या दिवशी घडी चार मिनिटं पुढं गेली. मी म्हटलं, गोऱ्हाही आधी उधळतोच. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं. गुरुवारी आम्हाला सिंदेवाहीला जायचं होतं. घडी पाहून मी बायनाबाईला घाईघाईनं फाट्यावर नेलं आणि आम्ही सोळा मिनिटं आधीच जाऊन उन्हात उभे राहिलो. त्यावर बस वीस मिनिटं उशिरा आली. बसला ती काही बोलली नाही. सगळं मलाच बोलली.

रविवारी प्रफुल आला तेव्हा घडी अठ्ठावीस मिनिटं पुढं होती. तो हसला नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. "जाऊ द्या बाबा, म्हातारी झाली ते," एवढंच म्हणाला. मी टोपी घातली आणि त्याच्या गाडीवर मागं बसलो.

ब्रह्मपुरीच्या बाजारात चैतूभाऊ घडीसाजाचं टेबलाएवढं दुकान आहे. प्रफुलनं त्याला काम सांगितलं. चैतूभाऊनं घडी कानाला लावली. मग खणातून दिशा दाखवणारी सुईची डबी काढून घडीवर धरली. सुई फडफडायला लागली.

"बापूरावभाऊ, खरं सांगा. हे घडी कुठी ठेवता?"

मी सांगितलं. रेडिओ, गोऱ्हा, मुरलेला बैल, सगळं सांगितलं. चैतूभाऊ इतका हसला की डोळ्याला लावलेलं भिंग टेबलावर पडलं.

"अवो भाऊ, रेडिओच्या जाळीमागं लोहचुंबक राह्यते! आतली केसावानी कमानी त्यानं चिकटते अन् घडी धावत सुटते. चांगल्या संगतीनं बिघडली पोरगी!"

चुंबक उतरवायला त्यानं तार गुंडाळलेल्या एका यंत्रावरून घडी दोनदा फिरवली. मग दुसऱ्या यंत्राला लावून तिची टिकटिक मोजली.

"आता दिवसाले पंधरा सेकंद पुढं. एकदम झकास."

"झकास?" प्रफुल म्हणाला. "माहा मोबाईल तर..."

"तुया मोबाईलले सोताले काही मालूम नाई, बाबू. तो घडीघडी टावरले विचारते. हे घडी कोणाले विचारत नाई. चावीच्या घडीनं दिवसाले अर्ध्या मिनिटाच्या आत राहावं. एवढ्या जुन्या घडीचं एक मिनिटही मी माफ करतो. त्याच्यावर गेली तर माह्याकडं आणा."

मी तरीही घडी टेबलावर ठेवली. बोली ती बोली. रविवारी ती बरोबर नव्हती.

"मशीन बदलाले किती वेळ लागते?" प्रफुलनं विचारलं.

"अर्धा घंटा."

प्रफुलनं घडी उचलली. डायलवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, हारले तुमी. घडी नाई हारली. तिले तर तुमी जबरदस्तीनं शाळेत घातलं. तिले आणखी एक आठवडा." आणि मोबाईल पाहून त्यानं काटे पुन्हा जुळवले.

पुढचा आठवडा मी घडी खुंटीला टांगली आणि रेडिओ पार दुसऱ्या खोलीत नेला. रविवारी दुपारी प्रफुलनं मोबाईल लावून पाहिला. घडी एक मिनिट पंचेचाळीस सेकंद पुढं होती. त्यानं बोटांवर भागाकार केला.

"दिवसाचे पंधरा सेकंद. पास."

त्यानं स्वतःच्या हातानं घडी माझ्या मनगटाला बांधली. बायनाबाई ताटं वाढत होती.

"घडीचं झालं," ती म्हणाली. "आता तुहा बाप रोज जेवाले अर्धा घंटा मागं राह्यते, त्याच्यात कोणती मशीन टाकाची ते विचारून ये."

मी लगेच ताटावर बसलो. घडीत एक वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यातली पावणेदोन मिनिटं सोडून द्या.