वाटणीला आलेले आढे

मित्रांनो, मी एक जुने आढे आहे. छपराच्या अगदी वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवे टाकलेले लाकूड. वासे माझ्यावर टेकतात, वाशांवर कौले बसतात. सध्या माझ्यावर कोंबड्या बसतात आणि खरे सांगू, त्या दिवशी ओटीवर बसलेल्या माणसांपेक्षा मला त्या बऱ्या वाटतात.

मी मूळचे वैशाखरे गावचे. कमळूच्या शेताच्या बांधावर साग म्हणून वाढले. त्याने आपल्या लेकीच्या, मनालीच्या घरासाठी मला दिले. घर मुरबाडजवळ, तिचा नवरा बुद्धभूषण याच्या वडिलांच्या जागेवर उभे राहिले. मला वर चढवले तेव्हा त्रिशरण-पंचशील झाले, सगळ्या आळीने खीर खाल्ली. "आढं लय सरळ हाय गो!" बायका मनालीला म्हणाल्या. मी फुगून गेले होते.

माझ्याखाली मनालीने लेक वाढवली, गावच्या अंगणवाडीत नोकरी केली. बुद्धभूषण वाशिंदला कारखान्यात लागला. तिथेच त्याने फ्लॅट घेतला आणि तिथेच दुसरीसोबत राहू लागला. मनाली म्हणाली, काडीमोड घ्या, पण घर मला राहू द्या. माझी नोकरी इथे, पोरीची शाळा इथे.

घराचे ठरवायला भावकी बसली. सदानंदकाका सगळ्यांत मोठे, म्हणून मधोमध.

"जागा माझ्या बापाची," बुद्धभूषण म्हणाला. "तिचं जे हाय ते तिनं घेऊन जावं."

"तुमाला राहायचंय का इथं?" मनालीने विचारले.

"नाय. पण तुला बी नाय देणार."

हे ऐकून एकाने तरी त्याला झापायला हवे होते. कोणी चहा थोडा अजून मागितला, इतकेच. मग काकांनी निवाडा दिला. "आढं-वासे कमळूचे, ते पोरीला. जागा, भिंती, दार भूषणचं. कोणाचं कोणाकडं नाय राहिलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. न्याय झाला म्हणे! मला शिसारी आली. आढे काढले की घर राहत नाही, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ज्यांनी मला खांद्यावरून वर चढवले होते, त्यांनीच त्याच दुपारी कौले उतरवून मला खाली घेतले आणि हात झटकले. मनाली चुलीपाशी उभी होती, तिच्या डोक्यावर उघडे आभाळ होते.

"मला घर पायजे होतं, काका," ती म्हणाली. "लाकूड नाय."

काका चपला शोधत होते.

बुद्धभूषणने जाताना दार ओढून घेतले आणि कुलूप लावले. छप्पर नसलेल्या घराला कुलूप! किल्ली खिशात घालून तो वाशिंदला गेला. असल्या माणसाला मी इतकी वर्षे सावली दिली, याची मला किळस येते.

आता मी कमळूच्या अंगणात पडून आहे. वाळवी लागू नये म्हणून तो मला गाडीचे काळे तेल चोपडतो. मनाली मुरबाडला भाड्याच्या खोलीत लेकीला घेऊन राहते. तिथे वर स्लॅब आहे, माझे काही काम नाही. वखारवाला मला बघून गेला, पण मनालीने त्याला परत पाठवले.

मित्रांनो, दोघांचे पटत नसेल तर त्यांनी खुशाल वेगळे व्हावे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, अशाच एखाद्या ओटीवर तुम्हाला मानाने बसवतील, हातात चहा देतील. तो पिण्याआधी एकदा वर आढ्याकडे बघा आणि विचारा, इथे राहणार कोण आहे? जो राहणार असेल, त्याच्या डोक्यावर मला राहू द्या.