कचेरीची जागा

"भाऊसाहेब, तुमच्या माळवदाची माती आज माझ्या वरणात पडली!" मी डबा त्यांच्या टेबलावर आदळला.

धर्मराज भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "मंग वर बगत जेवत जा की. पांढरी माती हाय ती, पोटात गेली तरी काय व्हत न्हाई."

"मग तुम्हीच खा!"

"आन हिकडं."

आणि खरोखरच चमच्याने माती बाजूला सारून त्यांनी माझं वरण ओरपलं. वर "मीठ कमी हाय" असंही सांगितलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आमची तहसील कचेरी निजामाच्या काळातली. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी तुळया, वर मातीचं माळवद, पुढे लांबलचक ओसरी. गावाच्या ऐन चौकात, बाजाराला लागून. बाहेरगावचे लोक मोबाइलवर फोटो काढायचे आणि "काय वास्तू आहे हो!" म्हणायचे. त्यांचं काय जातंय! पावसाळ्यात फायलींवर ताडपत्री घालून त्यांना बसावं लागत नव्हतं. आणि बायकांना जायला संडास नव्हता. समोरच्या कापडदुकानदाराच्या घरी जावं लागायचं. त्याची बायको बिचारी कधी नाही म्हणाली नाही, पण रोज तिच्या दारात उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून स्पष्टच सांगते, ही इमारत एकदाची जावी असंच मला वाटायचं.

भाऊसाहेबांचा मात्र तिच्यावर भारी जीव. निराधार शाखेचे अव्वल कारकून. बदली झाली तरी फिरून इथंच यायचे. दर उन्हाळ्यात पांढरी माती आणवायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः माळवदावर चढायचे आणि माती पसरून, धुम्मसाने ठोकून बसवायचे. बांधकाम खात्याचं कुणी फिरकायचं नाही. त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं गाऱ्हाणं एकच: "घरचा पत्रा गळतोय तर ह्यांना वर चढाया गुडघे दुखत्यात."

एवढं करूनही यंदा झडीच्या पावसात मागच्या दालनाची तुळई मोडली. रविवार होता म्हणून वाचलो. कचेरीला कुलूप लागलं आणि आमचं बिऱ्हाड बायपासवरच्या मंगल कार्यालयात गेलं. ते रामेश्वर आबांचं. आबा म्हणजे मोठे बागाईतदार आणि तालुक्याचे पुढारी. कार्यालयाच्या मागची सगळी जमीन त्यांचीच. नव्या कचेरीसाठी त्यातला एक तुकडा फुकट देतो, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. कचेरी आली की उरलेल्या जमिनीला सोन्याचा भाव येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पण मी कशाला खोटं बोलू? मला ते कार्यालय आवडलं. गुळगुळीत फरशी, डोक्यावर पंखा, बायकांसाठी वेगळे संडास. पहिल्या दिवशी मी आत जाऊन नुसता नळ सोडून उभी राहिले. हसू येत असेल तर खुशाल हसा.

दिवाळी झाली. कोयते घेऊन जोडपी ऊसतोडीला गेली, गावोगाव म्हातारी माणसं मागं राहिली. एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घ्यायला चौकात गेले, तर कुलूप लावलेल्या कचेरीच्या ओसरीवर दहा-पंधरा म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांची रांग. भिंतीला पाठ टेकून निवांत बसलेली. पुढेच छबुबाई. मुलगा आणि सून कर्नाटकात गेलेले, म्हातारी हयातीच्या दाखल्यासाठी आलेली.

"आजी, इथं काय करताय?"

"सायब जेवाया गेल्यात न्हवं? दार लावल्यालं हाय."

"कधीपासून बसलात?"

"सकाळधरनं."

"अहो आजी, सकाळपासून कुणी जेवतं का?"

छबुबाई बोळक्या तोंडाने हसली. "सरकारचं जेवन हाय माय. येळ लागायचाच."

दारावर हा एवढा मोठा कागद डकवलेला होता, कचेरी हलवल्याचा. वाचणार कोण? यांना आजवर एकच ठाऊक. कचेरीचं दार बंद दिसलं की ओसरीवर बसायचं, कधीतरी ते उघडतं. माझ्या हातातली भाजीची पिशवी मला जड झाली. मी भाऊसाहेबांना फोन लावला.

ते स्कूटरवरून आले. ओसरीवरची रांग पाहिली. मग असे कडाडले की अख्ख्या चौकाने माना वळवल्या. "कामून सांगितलं न्हाई रं ह्यांना कोनी? दिसभर मानसं बसल्याती, समदा चौक आंधळा झालता का?" चौक कशाला, मीही त्यात आलेच की. मग त्यांनी तिथेच मांडी घातली, एकेकाचं काम हातावेगळं केलं आणि जीपवाल्याला दम देऊन सगळ्यांना घरी धाडलं. त्या दिवसापासून दर बाजारी भाऊसाहेबांचं टेबल ओसरीवर लागायला लागलं. तहसीलदारांनी काणाडोळा केला. करणार काय?

पुढच्या महिन्यात प्रांत मॅडमनी मंगल कार्यालयात बैठक बोलावली. एका बाजूला आबा आणि त्यांची माणसं: कचेरी इथेच बायपासवर बांधा. दुसऱ्या बाजूला कचेरी बचाव समिती: निजामकालीन वास्तू आहे, दुरुस्त करा. इंजिनिअर म्हणाले, दुरुस्ती होईल, पण जुनं दगडी काम आहे, बाहेरून तज्ज्ञ येऊन बघतील, मग अंदाजपत्रक, मग मंजुऱ्या. काही वर्षं धरून चाला.

समितीने भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्याच भरवशावर तर सगळे आले होते. भाऊसाहेब उठले. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"मॅडम, ती इमारत माझा जीव हाय. तिच्या डोक्यावर माझ्या हातची माती हाय. पन दुरुस्ती नगं. पाडा तिला."

मग आबांनीच टाळी वाजवली. "वा भाऊसायब! शानपनाचं बोललात."

"थांबा आबा, माजं सरलं न्हाई. पाडा, आन तितंच नवी बांदा. दुरुस्तीचं धरलं तर कागद फिरत ऱ्हातील. तवर कचेरी तुमच्या ह्या मांडवात ऱ्हाईल, आन मंग कायमचीच ऱ्हाईल. आमच्या म्हाताऱ्यांची पोरं लांब ऊस तोडत्यात. जीपवाला त्यांना चौकात उतरवतो. तितून म्होरं त्यांना कोन हाय? भिंतींचं काय, परत उभ्या करता येत्यात. जागा हातची गेली की गेली."

"चौकात गाड्या कुटं लावायच्या?" आबा म्हणाले.

"चालत येनाऱ्यांना गाडी लावाया जागा लागत न्हाई आबा." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "आन बायांसाठी संडास पयला बांदा. ही अंजूबाई मला रोज शिव्या देती."

सगळे हसले. मी खाली मान घालून पदराने डोळे पुसले. एवढ्या मोठ्या गोष्टीत माझं रडगाणं त्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

मॅडमनी त्याच जागेवर नव्या इमारतीचा प्रस्ताव वर पाठवला आणि उन्हाळ्यात मंजुरी आली. आबा भाऊसाहेबांवर रुसले ते रुसलेच. पण समितीवाल्यांनी जास्त छळलं. फितूर म्हणाले. रोजच्या हॉटेलात भाऊसाहेब शिरले की समितीवाल्यांचं टेबल गप्प व्हायचं. भाऊसाहेबांनी तिथला चहा सोडून दिला.

इमारत पाडायच्या दिवशी ते रजा काढून आले आणि कापडदुकानाच्या पायरीवर बसून राहिले. जेसीबीने माळवदाला हात घातला आणि पांढरी धूळ चौकभर पसरली. त्यांच्या केसांवर, मिशांवर, खांद्यांवर बसली. ती त्यांनी झटकली नाही.

मी शेजारी जाऊन बसले. "घरी चला भाऊसाहेब."

"लई वाईट वाटतंय गं अंजू. म्या सांगून पाडली."

नवी इमारत उभी राहायच्या आत ते निवृत्त होणार होते. नव्या संडासाची चावी माझ्या हातात येणार, आणि त्यांना तिथे साधी खुर्चीसुद्धा मिळणार नव्हती.

पुढच्या बाजारी मी मुद्दाम चौकातून गेले. मोकळ्या जागेला हिरवी जाळी लावलेली. जाळीला खेटून भाऊसाहेबांचं टेबल, वर बांधलेली भाजीवाल्याची छत्री. जीपमधून सटवातात्या उतरले, कचेरीत नेहमी खेपा घालणारे म्हातारे. बीडला डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच आलेले, काळा चष्मा लावून. दोन पावलं चालले आणि थबकले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घाबरून गेले अगदी.

"भाऊसायब," ओळखीचा आवाज आला तिकडे वळून त्यांनी हाक मारली, "डाक्टरनं डोळा बिगडवला वाटतं वो माजा. कचेरीच दिसंना मला."

भाऊसाहेब उठले. त्यांनी तात्यांचा हात धरला, टेबलापाशी आणलं आणि स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

"डोळा चांगला हाय तात्या," ते म्हणाले. "कचेरी हितंच हाय. बसा."